भूगळती संरक्षण, घरगुती विद्युत् मंडलातील

भूगळती संरक्षण, घरगुती विद्युत् मंडलातील : घरातील विद्युत् मंडलातून ठरलेला मार्ग सोडून जमिनीकडे वाहू लागलेला प्रवाह ओळखून पुरवठा आपोआप खंडित करण्याची व्यवस्था. ठरलेला मार्ग म्हणजे फेज तारेने आत येणे व न्यूट्रल तारेने परत जाणे. तारेवरील निरोधक आवरण झिजले, भिंतीत ओल शिरली किंवा उपकरणाच्या धातूच्या कवचाला आतील उघडी तार टेकली, तर प्रवाहाचा काही अंश भिंत, नळ अथवा उपकरणाला हात लावणाऱ्या माणसाचे शरीर यांच्या वाटे जमिनीत उतरतो. या अंशाला भूगळती म्हणतात.

वितळतार म्हणजेच फ्यूज हे या गळतीवरचे संरक्षण नव्हे, ही गोष्ट पुष्कळदा लक्षात घेतली जात नाही. फ्यूज तारेचे रक्षण करतो, माणसाचे नाही. पाच अँपिअरचा फ्यूज वितळण्यास पाच अँपिअरहून बराच अधिक प्रवाह लागतो. माणसाला मात्र एक मिलिअँपिअर प्रवाहाची झिणझिणी जाणवते, दहाच्या आसपास हाताचे स्नायू आखडून पकड सुटेनाशी होते आणि पन्नास ते शंभर मिलिअँपिअर प्रवाह काही क्षण छातीतून गेल्यास हृदयाची लय बिघडून मृत्यू संभवतो. ओल्या शरीराचा रोध सु. १,००० ओहम धरला, तर २३० व्होल्ट दाबाने त्यातून सु. २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहील. तेवढ्याने मनुष्य दगावेल, पण घरातील दिवासुद्धा मंद होणार नाही. भारतातील प्रत्येक घरगुती सॉकेट, मग ते दिव्याचे असो की गिझरचे, याच दाबाचे असल्याने त्यांपैकी कोणतेही निर्धोक मानता येत नाही.

या संरक्षणाचा प्रश्न जुन्या वस्तीत कसा उभा राहतो, हे ठाणे शहरातील टेंभी नाक्याच्या परिसरावरून चांगले समजते. १७८० मध्ये बांधलेली पारशी अग्यारी आणि मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजाचे १८७९ मधील ‘शआर हशामाईम’ हे सिनेगॉग या दोन्ही वास्तू येथल्याच. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे प्रथम लागले ते १८८२ मध्ये. म्हणजे नाक्यावरील या वास्तू विजेच्या आधीच्या आहेत. अशा जुन्या वस्तीत वीज मागाहून आली आणि भिंती, आढी व जिने यांच्या अंगाने जमेल तशी फिरवली गेली. सागवानी पट्टीतील रबरी आवरणाच्या तारा, लाकडी बॅटनवरील तारा व पीव्हीसी नळीतील तारा अशा तारकामाच्या तीन पिढ्या जुन्या शहरांत एकाच इमारतीतही आढळतात. रबरी आवरण कालांतराने ठिसूळ होते व वाकवताच त्याचे तुकडे पडतात. त्यात वर्षाकाठी अडीच हजार मिलीमीटरांच्या आसपास पाऊस. पावसाळ्यात भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, ही तक्रार अशा घरांत नवी नाही. ती सवयीची होते, हाच तिच्यातील धोका होय.

भूसंपर्कन व त्याच्या मर्यादा : गळतीवरील पहिला उपाय भूसंपर्कनाचा, म्हणजे अर्थिंगचा. उपकरणाचे धातूचे कवच जाड तारेने जमिनीतील पट्टीशी जोडले, की कवचात उतरलेला प्रवाह माणसाऐवजी त्या तारेने जातो. भारतीय विद्युत् नियम, १९५६ मधील ३३ व्या नियमाने ग्राहकाच्या जागेत भूसंपर्कित अग्र पुरविण्याचे व ते सुस्थितीत राखण्याचे दायित्व पुरवठादारावर टाकले होते. तीन पिनांच्या प्लगमधील वरची जाड व लांब पिन याच तारेची असते. ती लांब ठेवण्याचे कारण असे, की प्लग घालताना भूसंपर्क सर्वांत आधी व्हावा आणि काढताना तो सर्वांत शेवटी तुटावा.

हा उपाय जितका सोपा दिसतो तितका भरवशाचा नाही, कारण त्याची सारी भिस्त मातीवर असते. ठाण्याची जमीन म्हणजे वर माती किंवा मुरूम व खाली काळा पाषाण, खाडीकडे गाळ. पावसाळ्यात ओल्या मातीचा रोध कमी असतो, वैशाखात तो कित्येक पटींनी वाढतो. खड्ड्यात कोळसा व मीठ घालून वरून पाणी ओतण्याची पद्धत याचसाठी पडली. परंतु अंगणातील खड्ड्याला पाणी घालणारे घर पाडून तेथे इमारत उभी राहिली, अंगणाला फरशी बसली, की खड्डा कोठे होता हेही कोणाच्या ध्यानात राहत नाही. समजा, भूसंपर्काचा रोध १० ओहम आहे. मग २३० व्होल्ट दाबाने दोषप्रवाह फार तर २३ अँपिअर वाहील. सोळा अँपिअरच्या मंडलावरील फ्यूज एवढ्याने लगेच वितळेलच असे नाही, आणि तोवर गिझरचे किंवा इस्त्रीचे कवच जिवंत राहील. दोन पिनांच्या जुन्या सॉकेटांत तर भूसंपर्काची सोयच नसते. तीन पिनांचा प्लग तेथे बसावा म्हणून मधली पिन काढून टाकण्याचा किंवा दोन पिनांचा जोड लावण्याचा उपाय केला जातो. त्याने इस्त्री चालू होते, पण तिसऱ्या तारेचा उद्देश संपतो.

नियमांत गळतीचा विचार अगदीच नव्हता असे नाही. जोडणी देताना गळती कमाल प्रवाहाच्या १/५,००० हून अधिक नसावी, अशी मर्यादा भारतीय विद्युत् नियमांत होती. पाच अँपिअरच्या जोडणीस ती एक मिलिअँपिअर येते, म्हणजे पुरेशी कडक होती. मात्र ही पाहणी मुळात जोडणीच्या दिवसापुरती होती. त्यानंतर तीस-चाळीस पावसाळे खाल्लेल्या तारेची गळती मोजण्यास सहसा कोणी येत नसे.

फरकप्रवाही खंडकाचा विकास : दुसरा उपाय वेगळ्या तत्त्वावर आधारलेला आहे. फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच लोहचुंबकीय कड्यातून नेतात. आत जाणारा व परत येणारा प्रवाह सारखा असेल, तर त्यांची चुंबकीय क्षेत्रे परस्परांना छेद देऊन शून्य होतात. त्यात किंचितही फरक पडला, म्हणजे काही प्रवाह अन्य वाटेने गेला, तर कड्यावरील तिसऱ्या वेटोळ्यात विद्युत् दाब निर्माण होतो व तो खंडकाची कळ पाडतो. आपण किती वीज वापरतो याच्याशी या खंडकाला कर्तव्य नसते. गेलेली वीज परत आली की नाही, एवढाच हिशेब तो ठेवतो.

या तत्त्वाचे एकस्व जर्मनीत १९२८ मध्येच घेतले गेले होते, पण काही मिलिअँपिअरचा फरक ओळखून विश्वासाने काम करणारी रचना त्या काळी साधली नाही. तोपर्यंत भूसंपर्क तारेतील दाब वाढला की पुरवठा तोडणारे वेगळे साधन वापरात होते. ईएलसीबी हे नाव मुळात त्याचे. गळतीस त्या तारेखेरीज दुसरी वाट मिळाली, उदा., नळाची, तर ते साधन निष्प्रभ ठरे, म्हणून ते मागे पडले. नाव मात्र टिकले व बाजारात ते आजही नव्या खंडकाला सर्रास लावले जाते. नव्याचे शास्त्रीय नाव अवशिष्ट प्रवाह मंडल खंडक, म्हणजे आरसीसीबी, असे आहे.

मानवी शरीराचे रक्षण करण्याइतका संवेदनशील खंडक प्रथम दक्षिण आफ्रिकेत हेन्री रुबिन यांनी १९५६ मध्ये तयार केला. त्यामागील प्रेरणा सोन्याच्या खाणींतील अपघातांची होती. त्याच दशकात स्टिलफाँटेन येथील खाण-वसाहतीच्या घरांत २० मिलिअँपिअरवर पडणारे खंडक बसविले गेले. घराघरांत असे संरक्षण येण्याचे हे आरंभीचे उदाहरण होय. ऑस्ट्रियात गोटफ्रीड बीगेलमायर यांनी १९५७ च्या सुमारास या साधनाला व्यवहार्य रूप दिले. पुढे प्रवाहाच्या शरीरावरील परिणामांचे प्रयोग त्यांनी स्वतःच्या शरीरावरही केले. अमेरिकेत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ल्स डालझील यांनी स्वयंसेवकांच्या हाती विद्युत् अग्रे देऊन पकड सुटण्याची मर्यादा मोजली. पुरुषांत ती सरासरी १६ व स्त्रियांत १०·५ मिलिअँपिअर आढळली. १९६१ मध्ये त्यांनी पाच मिलिअँपिअरच्या सुमारास कार्य करणारा खंडक सिद्ध केला. यूरोपात व भारतात घरांसाठी ३० मिलिअँपिअरची मर्यादा रूढ झाली. या दोन आकड्यांतील अंतर दुर्लक्षणीय नाही. पाचला पकड सुटण्याची हमी मिळते. तीसला धक्का चांगलाच बसतो, पण प्रवाह प्राणघातक ठरण्यापूर्वी खंडित होतो.

अमेरिकी विद्युत् संहितेने हे संरक्षण एकेका जागेसाठी सक्तीचे केले : प्रथम पोहण्याच्या तलावाजवळ, १९७५ मध्ये स्नानगृहांत, १९८७ मध्ये स्वयंपाकघरांत. ही सक्ती १२० व्होल्टच्या सॉकेटांना होती. कपडे वाळविण्याचे यंत्र, विजेची चूल इ. जड उपकरणांची अधिक दाबाची सॉकेटे दीर्घकाळ तिच्याबाहेर राहिली व २०२० च्या आवृत्तीत घरांतील ठरावीक जागांपुरती तिच्या कक्षेत आली. जेथे दाब अधिक तेथेच संरक्षण उशिरा पोहोचावे, यात विसंगती आहे खरी. परंतु भारतातील सवलतीची गोष्ट याहून फार निराळी नाही.

भारतातील तरतुदी : १९५६ च्या नियमांत पुढे ६१-अ हा नियम घालून भूगळती संरक्षक साधन आवश्यक करण्यात आले. तथापि पाच किलोवॅटहून कमी भाराच्या कमी दाबाच्या जोडण्यांना त्यातून सूट होती. या साधनांसाठी आयएस १२६४० हे भारतीय मानक १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. विद्युत् अधिनियम, २००३ अन्वये केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाने २०१० मध्ये केलेल्या सुरक्षा विनियमांतही साधनाची सक्ती व सवलत दोन्ही आली. नंतरच्या दुरुस्तीने सवलतीची मर्यादा दोन किलोवॅटवर आणली आणि घरगुती जोडणीसाठी ३० मिलिअँपिअर ही कमाल गळती निश्चित केली.

सवलतीमागील हेतू समजण्याजोगा होता. साधन महाग होते व गरीब ग्राहकाला जोडणी मिळणे दुष्कर होऊ नये, असा तो विचार. परिणाम मात्र उलटा झाला. दोन दिवे, पंखा, दूरचित्रवाणी संच व इस्त्री असलेल्या चाळीतील खोलीचा भार पाच किलोवॅटच्या जवळपासही जात नाही. ज्या सदनिकेत नवे तारकाम, नवे भूसंपर्कन व वातानुकूलन यंत्रे होती तेथे साधन सक्तीचे ठरले. ज्या खोलीत रबरी तारा, दोन पिनांची सॉकेटे व ओली भिंत होती ती नियमाच्या बाहेर राहिली. गळतीचे प्रमाण भारावर अवलंबून नसून तारेच्या वयावर व ओलीवर अवलंबून असते, याचा या मर्यादेत विचार नव्हता. राष्ट्रीय गुन्हे नोंद केंद्राच्या वार्षिक अहवालांत विजेच्या धक्क्याने होणाऱ्या मृत्यूंची देशातील संख्या वर्षाला दहा हजारांहून अधिक दिसते. ते सारेच घरातील नसतात. शेतातील पंप व तुटलेल्या वाहिन्या यांचाही त्यांत वाटा आहे.

जुन्या इमारतीत खंडक बसविणे हेही सरळ काम नाही. अनेकदा दोन खोल्यांच्या न्यूट्रल तारा वाटेत कोठेतरी एकत्र बांधलेल्या असतात. एका खोलीला खंडक लावला, की तिचा काही प्रवाह शेजारच्या न्यूट्रलने परततो व खंडक गळती नसतानाही पडतो. पावसाळ्यात खरी गळती असते, तेव्हाही तो पडतोच. घरातील मंडळींना दोन्ही प्रकार सारखेच वाटतात आणि दिवे जाण्याचा त्रास नको म्हणून वीजतंत्री खंडक वळसा घालून जोडून देतो. वास्तविक वारंवार पडणारा खंडक हा बहुधा तारकामाविषयीचा खरा अहवाल असतो. तिसरी तार नसलेल्या खोलीतही हा खंडक निरुपयोगी नसतो : माणसाचा स्पर्श होताच त्याच्या शरीरातून जाणारी गळती ओळखून तो पुरवठा तोडतो. धक्का बसतो, पण जीव वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते. भूसंपर्क असेल, तर तो बराच वाईट असूनही चालतो. कवचावरील दाब ५० व्होल्टच्या आत राखण्यास ३० मिलिअँपिअरच्या खंडकाला सु. १,६६० ओहमपर्यंतचा रोध पुरतो. वर उल्लेखिलेल्या १० ओहमच्या उदाहरणाशी ताडून पाहिले असता उन्हाळ्यातल्या कोरड्या जमिनीत या साधनाचे मोल कळते.

टेंभी नाक्यावर हाच प्रश्न वर्षातून एकदा उघड्या रस्त्यावर येतो. आनंद दिघे यांनी १९७८ मध्ये सुरू केलेल्या येथील नवरात्रोत्सवाचा मंडप लोखंडी सांगाड्याचा, रोषणाई मोठी व आश्विनात परतीच्या पावसाची शक्यता कायम. सांगाड्याला एखादी तार घासली तर संपूर्ण सांगाडाच जिवंत होऊ शकतो, म्हणून उत्सवमंडळांनी अधिकृत तात्पुरती जोडणी घ्यावी, भूसंपर्कन तपासावे व गळती संरक्षक खंडक लावावा, असे आवाहन महावितरण कंपनी उत्सवकाळात करीत असते. दहा दिवसांच्या मंडपाची ही दक्षता नाक्यामागच्या गल्लीतील कायम वस्तीला सहजी लाभत नाही. मंडपाचा भार मोठा, गर्दी दिसणारी. खोलीतला भार लहान व तेथला अपघात चार भिंतींच्या आत होतो.

खंडकालाही मर्यादा आहेत. एका हाताने फेज व दुसऱ्याने न्यूट्रल धरणाऱ्याला तो वाचवू शकत नाही, कारण तेथे जमिनीकडे गळती होत नाही व जाणारा-येणारा प्रवाह सारखाच राहतो. अतिभारापासूनही तो संरक्षण देत नाही. त्यासाठी फ्यूज किंवा एमसीबी लागतोच. त्याची यंत्रणा वर्षानुवर्षे न हलल्यास जड होते. म्हणून प्रत्येक खंडकावर ‘टी’ अक्षराची एक कळ असते. ती दाबताच आतील लहान रोधातून मुद्दाम गळती घडविली जाते आणि खंडक पडला पाहिजे. न पडल्यास तो बदलावा लागतो. ही कळ दर काही महिन्यांनी दाबून पाहावी, असे उत्पादक खंडकासोबतच्या सूचनापत्रात सांगतात.