खिशातली सिरिंज

साल 1974. तुम्ही ट्रॉम्ब्यात आहात, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'आयसोमेड' प्रकल्पात. तो याच वर्षी सुरू झालाय. समोरून खोकी सरकतायत. आत गॉझ, टाके घालायचे धागे, सगळं सीलबंद. ना उकळणं, ना वाफ. जाड काँक्रीटच्या भिंतींमागे कोबाल्ट-60 आहे. त्याचे गॅमा किरण पुठ्ठा, पाकीट भेदून थेट जंतूंपर्यंत पोचतात.

तुमच्या खिशात तुमच्या काळातली एक सिरिंज आहे. पॉलिप्रॉपिलीनची, पण मुद्दाम कुठलंच संरक्षक द्रव्य न घालता ओतलेली. कुणाचं लक्ष नाही असं पाहून तुम्ही ती एका खोक्यात सरकवता.

काही तासांनी खोकं बाहेर येतं. 2.5 मेगारॅडची मात्रा मिळालीय. तुमच्या काळात हिलाच 25 किलोग्रे म्हणतात. खोक्यावरची पिवळी चकती लाल झालीय. सिरिंज हातात घेता, दट्ट्या ओढता. सगळं ठाकठीक! पण चकती फक्त किरण पोचल्याची ग्वाही देते, प्लॅस्टिकची नाही.

आता सहा महिने पुढे या. तीच सिरिंज, इतके दिवस फळीवर पडलेली. बोटं टेकवायची कड दाबता आणि ती कट्‌कन तुटते.

मधल्या काळात काय झालं? किरणांनी रेणूंच्या लांब साखळ्यांवरचे हायड्रोजन उडवले आणि मुक्त मूलकं, म्हणजे जोडी सुटलेले अस्थिर तुकडे, मागे राहिली. त्यांतली बरीचशी प्लॅस्टिकच्या घट्ट, स्फटिकी भागात अडकली. तिथून ती सावकाश सुटत गेली, हवेतल्या ऑक्सिजनशी जुळली आणि साखळ्या तुटत राहिल्या. किरण थांबले होते, मोडतोड थांबली नव्हती.

पुन्हा 1974. या खेपेला खिशात दुसरी सिरिंज आहे. हिच्या प्लॅस्टिकमध्ये थोडं खनिज तेल आहे. त्यामुळे रेणूंना हलायला जागा मिळते. मूलकं एकमेकांना गाठतात आणि तिथल्या तिथे विझतात. जोडीला अमाइन गटातलं स्थिरक आहे, उरलेल्या मूलकांना पकडायला. नेहमीची फिनॉलवाली ऑक्सिडेशनरोधकं मात्र टाळलीयत, कारण ती किरणांत पिवळी पडतात. पिवळी सिरिंज कितीही निर्जंतुक असली तरी रुग्णाला जुनीच वाटणार. ही सिरिंजही खोक्यात जाते, चकती लाल होते, सहा महिने सरतात. तुम्ही कड दाबता. ती वाकते आणि सरळ होते.

आता परत या, आजच्या दवाखान्यात. नर्स पाकीट फाडते, सिरिंज भरते, तुमचा दंड पुसते. तिच्या बोटांखाली कड तुटत नाही, याचं श्रेय किरणांच्या खोलीला नाही. ती खबरदारी प्लॅस्टिकचे दाणे वितळवतानाच घ्यावी लागते. आणि ती पुरली की नाही, हे किरण दिल्या दिवशी नव्हे, फळीवर महिनोन्‌महिने ठेवून, मग मोडून पाहिल्यावरच कळतं.