पोच आणि विलंब : बिनतारी जाळ्यांच्या इतिहासातील एक प्रश्न



संदेशवहनाचा इतिहास सांगताना आपण बहुधा यंत्रांचा इतिहास सांगतो. स्मृतिप्रीत्यर्थ योजिलेल्या या व्याख्यानात मला एका प्रश्नाचा इतिहास मांडावयाचा आहे : माध्यम बेभरवशाचे असताना संदेश भरवशाने पोचावा कसा?

१९४८ साली क्लॉड शॅनन यांनी या प्रश्नास सैद्धांतिक पाया दिला. वाहिनीत गोंगाट असला तरी तिच्या क्षमतेच्या मर्यादेत राहून जवळजवळ निर्दोष संदेशवहन शक्य आहे, हे त्यांनी सिद्ध केले. मात्र त्यांच्या या मांडणीत बोलणारा एक आणि ऐकणारा एक होता. अनेकजण एकदम बोलू लागले तर काय, हा प्रश्न पुढे हवाई बेटांवर उभा राहिला.

तेथील विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन व त्यांचे सहकारी यांनी १९७१ साली ‘अलोहा’ हे जाळे सुरू केले. निरनिराळी केंद्रे एकाच बिनतारी वाहिनीवरून मुख्य संगणकाकडे मजकुराची छोटी पॅकेटे धाडीत. कोणी कोणाची परवानगी घेत नसे. पोच आली नाही, तर पॅकेट हरवले असे समजून, प्रत्येकाने कमीअधिक काळ थांबून ते पुन्हा पाठवावयाचे, एवढाच नियम. या स्वातंत्र्याची किंमतही अब्रॅमसन यांच्या गणिती प्रतिमानाने दाखवून दिली : वाहिनीच्या क्षमतेपैकी फार तर १८.४ टक्के भाग उपयोगी पडतो. १९७२ साली लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी काळाचे समान खंड पाडावेत व खंडाच्या आरंभीच पॅकेट सोडावे, असे सुचविले. ही मर्यादा दुप्पट झाली. वाहिनी तीच राहिली. शिस्त तेवढी बदलली.

त्याच दशकात अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरात पॅकेट रेडिओचे जाळे उभारले. येथे पॅकेट टेकड्यांवरील केंद्रांतून टप्प्याटप्प्याने पुढे जाई. दर टप्प्यास शंभरातील नव्वद पॅकेटे पोचतात असे धरले, तरी पाच टप्प्यांनंतर सुमारे ५९च उरतात. म्हणून पोच प्रत्येक टप्प्यावर घेतली जाई. पुढील केंद्राने पॅकेट पुढे धाडल्याचे ऐकू आले, की तीच पोच मानीत.

परंतु पुन्हा पाठविण्यात वेळ जातो. पत्र उशिरा पोचले तरी वाचता येते. संभाषणातील उशिरा आलेला शब्द निरुपयोगी ठरतो. संगणकजालावरून बोलणे पाठविण्याचे प्रयोग करणारे डॅनी कोहेन यांनी हा मुद्दा आग्रहाने मांडला. १९७८ साली नियमावलीचे विभाजन झाले. पॅकेट मुक्कामी नेण्याचे काम आयपीकडे गेले, हरवलेले पुन्हा मिळविण्याचे टीसीपीकडे राहिले. आणि ज्यांना विलंब परवडत नाही, त्यांच्यासाठी १९८० साली यूडीपीची नियमावली प्रसिद्ध झाली.

बिनतारी जाळ्यावरून ध्वनिचित्रांचा प्रवाह पाठविणारे अभियंते आजही हाच हिशेब मांडतात : किती वेळा पुन्हा पाठवावे, दुरुस्तीसाठी किती जादा अंक आधीच जोडावेत आणि हरवलेल्याचा नाद कोठे सोडावा. सर्व काही पोचणे आणि वेळेवर पोचणे, या दोहोंपैकी भरवसा कशास म्हणावयाचे, हे आधी ठरवावे लागते. गणिताचे काम त्यानंतर सुरू होते.