एकट्याने कनू चालवताना: हलके कार्बन फायबर वल्हे निवडण्यापूर्वी

कनू ही दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी होडी. ती एका पात्याच्या वल्ह्याने चालवतात. दोन पात्यांचे वल्हे असते ते कयाकचे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या उत्तर सीमेवरचे बाउंडरी वॉटर्स आणि कॅनडातील ऑन्टारियो प्रांतातील क्वेटिको व अल्गॉन्क्विन हे सरोवरांचे प्रदेश कनूच्या सहलींसाठी प्रसिद्ध आहेत. मिनियापोलिस, टोरांटो या भागांत स्थायिक झालेली आपली काही मंडळीही आता या छंदात उतरली आहेत. डिसेंबरात सुट्टीला घरी आली की त्यातली एखादी व्यक्ती दुखरा खांदा किंवा मनगट दाखवायला येते आणि विचारते, "डॉक्टर, कार्बनचे हलके वल्हे घेतले तर हे थांबेल का?"

बऱ्याचदा फायदा होतो. पण लांबी आणि मूठ चुकलेली असेल, तर कितीही महाग आणि हलके वल्हे खांद्याला वाचवत नाही. म्हणून वजनाकडे बघायचे, पण सर्वांत आधी नाही.

वजनाने शरीराला नेमका काय फरक पडतो?

लाकडी वल्हे साधारण ५५० ते ८०० ग्रॅम भरते. कार्बन फायबरचे ३०० ते ५०० ग्रॅम. हातात धरल्यावर हा फरक किरकोळ वाटतो, पण जरा हिशेब करून पाहा. मिनिटाला ४५ वेळा वल्हे मारले तर तासाला २,७०० फेऱ्या होतात, आणि दिवसाला पाच तास धरले तर १३,५००. प्रत्येक फेरीत ३०० ग्रॅम कमी उचलले, तर दिवसभरात चार टनांहून अधिक ओझे हातांवरून उतरते.

हे ओझे कधी असते तेही समजून घ्या. पाते पाण्यात असताना वल्ह्याचे वजन जाणवत नाही. तेव्हा पाण्याचा विरोध जाणवतो. वजन पेलावे लागते ते पाते पाण्याबाहेर काढून पुढे नेताना, आणि ते काम खांद्याभोवतीच्या लहान स्नायूंना करावे लागते. त्यांच्या समूहाला रोटेटर कफ म्हणतात. पाठीच्या मोठ्या स्नायूंइतका त्यांचा दम नसतो. ते थकले की खांद्याचा गोळा खोबणीत नीट मध्यावर राहत नाही, वरच्या हाडाखाली कंडरा घासली जाते आणि हात वर नेताना कळ येते.

यातून एक व्यवहारी गोष्ट निघते. दोन वल्ह्यांचे एकूण वजन सारखे असले, तरी ज्याचे पाते हलके ते हाताला हलके लागते. दुकानात वल्हे नुसते तोलून पाहू नका. दोन्ही हातांनी धरून वल्हवल्यासारखे मिनिटभर फिरवा. फरक लगेच कळतो.

आधी लांबी

माझ्या मते खांद्याच्या दुखण्यात वजनापेक्षा लांबीचा दोष मोठा असतो. वल्हे लांब असले की वरचा हात प्रत्येक वेळी कपाळापर्यंत जातो. खांद्याच्या पातळीवर आणि त्याहून वर वारंवार हात नेणे हेच कंडरा घासली जाण्याचे मुख्य कारण.

अंदाज घेण्यासाठी सपाट खुर्चीवर ताठ बसा. बैठकीपासून हनुवटी ते नाक यांच्या दरम्यानची उंची मोजा. मुठीपासून पाते सुरू होते तिथपर्यंतच्या दांड्याची लांबी साधारण इतकी असावी. होडीतली बैठक पाण्यापासून जास्त उंच असेल तर थोडी वाढवा. खरी परीक्षा मात्र होडीत बसूनच: पाते पूर्ण बुडालेले असताना वरचा हात हनुवटी ते डोळे यांच्या दरम्यान असला पाहिजे, डोळ्यांच्या वर नको. गुडघ्यांवर बसून वल्हवणाऱ्यांची उंची वेगळी होते, त्यांनी तसेच बसून मोजावे.

दांडा सरळ की वाकडा?

कार्बनची बरीच वल्ही पात्याजवळ साधारण १२ अंशांनी वाकवलेली असतात. मिनेसोटाचे होडी-रचनाकार आणि शर्यतपटू जीन जेन्सन यांना या रचनेचे श्रेय दिले जाते. १९७०च्या दशकात ती रूढ झाली. फेरीच्या शेवटी सरळ वल्ह्याचे पाते पाणी वर उचलते आणि त्यात ताकद वाया जाते. वाकड्या वल्ह्यात हे कमी होते.

एकट्या माणसापुढे मात्र वेगळा प्रश्न असतो. एकाच बाजूने वल्हवले की होडी दुसऱ्या बाजूला वळते. ती सरळ ठेवण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे 'जे स्ट्रोक': फेरीच्या शेवटी वरच्या हाताचा अंगठा खाली वळवून पाते बाहेर ढकलायचे. हे सरळ दांड्याने सोपे जाते, पण मनगट आणि अंगठ्याच्या कंडरांवर दर वेळी पीळ पडतो. दुसरा मार्ग म्हणजे सहा ते दहा फेऱ्यांनंतर बाजू बदलायची. इथे वाकडे वल्हे चांगले, आणि दोन्ही खांद्यांवर काम वाटले जाते. मनगट किंवा अंगठ्याच्या मुळाशी आधीच दुखत असेल, तर मी बाजू बदलण्याची पद्धत आणि वाकडे वल्हे सुचवेन. नदीच्या वेगवान पाण्यात जाणार असाल तर सरळच घ्या. तिथे होडी झटकन वळवता येणे महत्त्वाचे.

मोठे पाते म्हणजे जड गिअर

सायकलवर जड गिअर टाकून चढ चढल्यावर गुडघ्यांचे जे होते, तेच रुंद पात्याने खांद्यांचे होते. लांबच्या सहलीला २० सेंटिमीटरच्या आसपास रुंदी पुरते. बारीक अंगकाठीच्या व्यक्तींनी त्याहून अरुंद पाते घेऊन फेऱ्यांचा वेग थोडा वाढवावा.

कार्बनचा आणखी एक स्वभाव जाहिरातीत सांगत नाहीत. तो ताठ असतो. लाकूड किंचित लवते आणि पाण्याचा पहिला झटका सोसते. कार्बन तो सरळ कोपरापर्यंत पोचवते. टेनिस एल्बो असलेल्यांना म्हणून कधी कधी चांगले लाकडी वल्हेच मानवते. किंमत १५० ते ३०० डॉलर किंवा त्याहून जास्त असते, तेव्हा शक्य असेल तर आधी एक दिवस भाड्याने घेऊन वापरून पाहावे.

मूठ आणि पकड

मुठीचे दोन प्रकार: इंग्रजी टी अक्षरासारखी आणि तळव्यात बसणारी गोलसर. शांत पाण्यातल्या दीर्घ प्रवासाला गोलसर मूठ बरी, कारण तिच्यावर तळवा टेकवता येतो, बोटे आवळावी लागत नाहीत. दांडा गोलाऐवजी किंचित लंबगोल असावा; पात्याची दिशा हाताला आपोआप कळते, म्हणून पकड सैल राहते.

ही सैल पकड फार महत्त्वाची आहे. पोळी लाटताना आपण लाटणे आवळून धरत नाही, तसेच हे. तासन्‌तास घट्ट पकड ठेवली की हाताच्या पुढच्या भागातील कंडरांच्या आवरणाला सूज येते. मनगट हलवताना तिथे करकर जाणवते, कधी हाताला लागतेही.

घरी एक चाचणी करता येईल. अंगठा मुठीत घ्या आणि मनगट करंगळीच्या बाजूला हळूच झुकवा. अंगठ्याच्या मुळाशी तीव्र कळ आली, तर तिथल्या कंडरांना सूज असण्याची शक्यता आहे. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सहलीला निघू नका.

मधुमेह असणाऱ्यांना खांदा आखडणे आणि बोट अडकणे हे त्रास इतरांपेक्षा जास्त होतात. इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवू शकणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर दिवसभर वल्हवण्याआधी डोस आणि खाण्याच्या वेळा डॉक्टरांशी बोलून ठरवाव्यात. अशांनी एकट्याने जाणे मला पसंत नाही.

एकटे असताना

या भागांत बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. दोन सरोवरांच्या मधली जमीन होडी खांद्यावर घेऊन ओलांडावी लागते (हे अंतर अजूनही 'रॉड' या जुन्या मापात सांगतात, एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट). एकट्याची हलकी होडीही १४ ते २० किलोची असते. तिसऱ्या दिवशी खांदा जखडला तर वल्हवता येत नाही आणि होडीही उचलता येत नाही. म्हणून पहिल्या दिवशी कमी अंतर ठेवा, दर तासाला थांबा, उपग्रहावरून संदेश पाठवणारे उपकरण आणि अंगावर बांधलेले लाइफ जॅकेट ठेवा.

दुसरे वल्हे सोबत हवेच. कार्बन ओढण्याचा जोर छान सोसते, पण खडकात अडकवून तरफेसारखे वापरले तर मोडू शकते. राखीव वल्हे साधे लाकडी असले तरी चालेल. उथळ, खडकाळ जागी तेच वापरावे.

मोडलेल्या कार्बनला उघड्या हाताने धरू नका. त्याच्या बारीक सुया त्वचेत सहज घुसतात, तुटून आत राहतात, आणि कार्बन एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाही. त्यामुळे डॉक्टरांना 'कार्बनची कुसळ गेली आहे' असे आठवणीने सांगा. मोडलेल्या जागी चिकटपट्टी गुंडाळा. दांडा घरी कापून लहान करायचा असेल तर मास्क, चष्मा, हातमोजे घाला आणि ओल्या कागदाने घासा. ती भुकटी त्वचेला खाज आणते आणि श्वासनलिकेला त्रास देते. कार्बनमधून वीजही वाहते. आकाशात गडगडाट ऐकू आला की काठ गाठा आणि वल्हे बाजूला ठेवा.

डॉक्टरांकडे कधी जावे?

वल्हवून झाल्यावर स्नायू दुखणे आणि दोन दिवसांत थांबणे, हे सवयीचे आहे. खांद्याच्या दुखण्याने रात्री झोपमोड होणे, हात बाजूने वर न जाणे, बोटांना मुंग्या येणे किंवा पकड कमजोर होणे, मनगटाची सूज आठवडाभर न ओसरणे यांपैकी काही असेल तर तपासून घ्या. वेदनाशामक गोळी घेऊन वल्हवत राहू नका. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या रिकाम्या पोटी आणि पाणी कमी प्यायलेले असताना पोटाला व मूत्रपिंडांना अपायकारक ठरू शकतात. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आणि घाम असेल, तर तो वल्हवण्याचा शीण समजू नका. लगेच थांबून मदत मागवा.