मिशेलबाईंचा कोळी नाच

पेंधर मेट्रो स्थानकाचा जिना तुम्ही उतरत असता आणि मध्येच तो नाहीसा होतो. खांब नाहीत, डोक्यावरचे रूळ नाहीत. आज रविवार, 7 नोव्हेंबर 2010. मेट्रोचं काम सुरूच व्हायचंय, पनवेल महापालिका व्हायला अजून सहा वर्षं आहेत. एमआयडीसीकडून येणारा वास मात्र तुमच्या ओळखीचा आहे.

तळोजा गावातल्या एका आगरी घरातून टीव्हीचा आवाज रस्त्यापर्यंत येतोय. तुम्ही दारात घुटमळता. कोण, कुठले, हे विचारायच्या आधीच मावशी तुमच्या हातात चकली-करंजीची ताटली देतात. "बसा, नाच लागलाय."

पडद्यावर कुलाब्याचं होली नेम हायस्कूल. मुलं कोळी नाच करतायत आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची बायको त्यांच्यात उतरलीय. उंच, हसरी, शेजारच्या पोरीकडे बघत पाय टाकणारी. मावशी गुडघ्यावर ताल धरतात. ज्यांच्या हळदीला हीच गाणी वाजतात, त्यांच्यासमोर परीक्षा द्यायची म्हणजे सोपं नव्हे. निकाल लागतो: "हात चुकतंय, पन ताल बरोबर हाय." मग मुलं बराकसाहेबांनाही ओढतात. त्यांच्याबद्दल मावशी काहीच बोलत नाहीत.

सून चौकशी करते ती मिशेलबाईंच्या कपड्यांची. बातम्यांतही तेच. काल मुंबई विद्यापीठात मिशेलबाई गरीब घरातल्या मुलांबरोबर जमिनीवर आखलेल्या घरांमधून लंगडी घालत होत्या, त्याचीही चित्रं पुन्हापुन्हा दाखवतायत. आणि मणिभवनाजवळच्या माडांचे नारळ सुरक्षेसाठी उतरवले, या बातमीवर तर घरातले सगळे खुश आहेत.

तुम्ही पुढच्या काळातून आलाय, तेव्हा थोडं जास्त बोलून जाता. हीच बाई 2008 च्या जुलैमध्ये 'न्यूयॉर्कर'च्या मुखपृष्ठावर खांद्याला बंदूक लावून उभी होती. तिच्याविषयीच्या अफवांची टिंगल म्हणून काढलेलं व्यंगचित्र, पण पुष्कळांना ते झोंबलं. नवरा निवडून आल्यावर चर्चा तिच्या बिनबाह्यांच्या झग्यांवर आली. मग तिने व्हाइट हाउसच्या हिरवळीत भाजीचा वाफा घातला, मुलांच्या लठ्ठपणाविरुद्ध मोहीम काढली. बंदूकवाली आता घरातली झाली. बाप शिकागोच्या पाणीपुरवठा खात्यात कामाला, लेक प्रिन्स्टन आणि हार्वर्डमध्ये शिकून वकील. 1989 मध्ये उन्हाळ्यापुरता आलेला बराक तिच्याच हाताखाली शिकायला दिला होता.

"म्हंजे ती त्याची सायेब?" मावशी.

तसंच म्हणायचं.

मला विचाराल तर हा नाच भोळाभाबडा नाही. पाचच दिवसांपूर्वी, 2 नोव्हेंबरला, ओबामांच्या पक्षाने प्रतिनिधीगृहातलं बहुमत घालवलंय. आज सेंट झेवियर्समध्ये पोरांच्या प्रश्नांना तोंड द्यायचं होतं, तिथेही त्यांची ओळख करून दिली बायकोनेच, वर पोरांना सांगितलं की अवघड प्रश्न विचारा. त्या मानाने नाचाचं काम हलकं नाही. नवऱ्याच्या पडझडीवर बायकोने हसरा चेहरा धरायचा, आणि तो मनापासून हसतोय असंही दिसलं पाहिजे. ते मिशेलबाईंना जमतं.

उद्या हे दोघं दिल्लीत राष्ट्रपती भवनात. तिथे राष्ट्रपती आपल्या नाडगावच्या प्रतिभाताई, डोक्यावर पदर, चर्चा त्यांच्याही पदराची. त्यांचे यजमान देवीसिंह शेखावत अमरावतीचे माजी महापौर, आमदार, शिक्षणसंस्था चालवलेले. ते कोणत्या रंगाचा कोट घालणार, हे सुनेने विचारलेलं नाही. तीन वर्षांत कुठल्या वाहिनीनेही विचारल्याचं आठवत नाही. राष्ट्रपतींचा नवरा असण्यातली ही सवलत बायकोला मिळत नाही, एवढं तरी त्या भवनाने आपल्याला दाखवून दिलं.

नाच संपतो, जाहिराती लागतात. मावशींना वेगळीच काळजी पडलीय. "दोन पोरी हायत ना तिला? त्या कुठं दिसत नाय."

शाळा आहे, म्हणून आणल्या नाहीत, तुम्ही सांगता.

"मग त्यांना बघतं कोण?"

मिशेलबाईंची आई, मॅरियन रॉबिन्सन. नवरा राष्ट्राध्यक्ष झाला तेव्हाच मिशेलबाईंनी तिला शिकागोहून व्हाइट हाउसमध्ये राहायला आणली.

"आणनारच," मावशी म्हणतात, आणि ताटलीत अजून एक करंजी वाढतात.