टर्पेंटाइनच्या मुळाशी चिडाचे जंगल

डबा उघडला की रंगारी तेलरंगात थोडे टर्पेंटाइन ओततो, काठीने ढवळतो आणि काठी वर उचलून रंगाची धार पडते की नुसते ओघळ, ते पाहतो. रंग भिंतीवर बसला की टर्पेंटाइन उडून जाते. मागे राहिलेले जवसाचे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. चित्रकारही पहिले थर याच द्रवाने पातळ करतात आणि वरच्या थरांत तेल वाढवत नेतात, नाहीतर चित्राला तडे जातात.

उडून जाणाऱ्या या द्रवाचा इतिहास मात्र कुमाऊँच्या डोंगरात घट्ट रुतून बसला आहे.

तिथे चिडाच्या, म्हणजे पाइनच्या, खोडाची साल तासून खाच पाडत, तिच्याखाली पत्र्याची पन्हळ ठोकून मातीचे भांडे टांगत. दर थोड्या दिवसांनी खाच पुन्हा ताजी करायची, म्हणजे चीक वाहत राहतो. पहाडी लोक त्याला लिसा म्हणतात. तो भट्टीवर चढवला की वाफेबरोबर टर्पेंटाइन निघते आणि तळाशी राळ उरते. ती साबण-कागदाच्या कारखान्यांत जाते. इंग्रजी अमलात वनखात्याने हा धंदा वाढवला. बरेलीजवळच्या ज्या क्लटरबकगंजमध्ये मोठा कारखाना उभा राहिला, त्याला नावही पीटर क्लटरबक या वनाधिकाऱ्याचेच.

याची किंमत गावांनी मोजली. १९११ ते १९१७ या काळात जंगले राखीव झाली, चराई आणि लाकूडफाट्यावर बंधने आली. नव्या गवतासाठी चिडाखालचा पाचोळा जाळण्याची जुनी रीत गुन्हा ठरली. जानेवारी १९२१ मध्ये बागेश्वरच्या उत्तरायणी जत्रेत लोकांनी बेगारीच्या, म्हणजे सक्तीच्या मजुरीच्या, नोंदवह्या सरयू नदीत फेकल्या, आणि त्याच उन्हाळ्यात चिडाची राखीव जंगले पेटली. गावकऱ्यांना चारा आणि पाणी देणारी बांजाची (ओकची) जंगले बहुतेक शाबूत राहिली. आग लावणाऱ्यांना काय नको होते, हे यावरून स्पष्ट दिसते.

स्वातंत्र्यानंतरही लिसा डोंगराबाहेरच जात राहिला. शेजारच्या गढवालमधले कार्यकर्ते चंडीप्रसाद भट्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या दशोली ग्राम स्वराज्य संघाने गोपेश्वरला टर्पेंटाइन-राळेचा छोटा कारखाना काढला, पण कच्चा माल पुरेसा मिळेना आणि तो बराच काळ बंद पडून राहिला. १९७३ मध्ये याच संघाने झाडांना मिठी मारून तोड रोखण्याचे चिपको आंदोलन सुरू केले.

आज दुकानात मिळणारे टर्पेंटाइन बहुतांशी पेट्रोलियमपासून बनते. पण चिपकोची गोष्ट सांगताना कुऱ्हाडीबरोबर या बंद पडलेल्या कारखान्याचीही नोंद व्हायला हवी.