‘पाहिजेच’मधला ‘च’ : विचारांवरच्या उपचाराचा प्रवास

अक्कलकोट रोड एमआयडीसीतली पाळी संपवून तुमच्यापैकी बरेच जण आलेत, तेव्हा सुरुवात मागापासूनच करू. समजा, रात्रपाळीत टॉवेलचा माग दोन तास बंद पडला आणि मालक दोघा कामगारांना सगळ्यांसमोर बोलला. एकाला वाईट वाटलं. तो पुन्हा कामाला लागला. दुसरा घरी गेला, रात्रभर जागा राहिला आणि चार दिवस कामावर फिरकला नाही. घटना एकच, परिणाम मात्र दोन. असं का होतं, या प्रश्नाचा इतिहास आज आपण बघणार आहोत.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मानसोपचारावर फ्रॉइडची छाप होती. दुखणं बालपणात, नेणिवेत दडलेलं असतं आणि ते वर्षानुवर्षं बोलून उकलायचं, अशी ती पद्धत. याच्या अगदी उलट बाजूला वर्तनवादी उभे राहिले. त्यांचं म्हणणं असं की, भीती शिकली जाते, म्हणजे ती विसरायलाही शिकता येते. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या संशोधक बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाची नोंद प्रसिद्ध केली. मूल आवडीचा खाऊ खात असताना ससा थोडा थोडा जवळ आणायचा, एवढीच युक्ती. भीती ओसरली. पुढं १९५८ मध्ये जोसेफ वोल्पे यांनी याचीच पद्धतशीर मांडणी केली : अंग सैल सोडायला शिकायचं आणि भीतीच्या एकेक पायरीला सामोरं जायचं.

पण माणूस फक्त घाबरत नाही, तो स्वतःशी बोलतही असतो. ते बोलणं दोघांनी पकडलं, आणि दोघंही आधी फ्रॉइडच्याच वाटेवरचे. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये आपली पद्धत सुरू केली. फिलाडेल्फियाच्या एरन बेक यांना साठच्या दशकात दिसलं की, उदास रुग्णांच्या मनात ‘मी नालायक आहे’, ‘पुढं काही चांगलं होणार नाही’ असे विचार आपोआप उमटत राहतात. असा विचार लिहून काढायचा आणि त्याला पुरावा मागायचा, ही बेक यांची रीत.

एलिस यांची मांडणी तीन पायऱ्यांची : घटना, तिच्याकडं बघण्याचा दृष्टिकोन आणि परिणाम. आपण मधली पायरी गाळतो आणि म्हणतो, ‘मालक बोलला म्हणून मी कोसळलो.’ एलिस यांनी ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटस यांचं ऋण मानलं होतं. शिवाय त्यांचा स्वतःचा अनुभव होता. तरुणपणी ते मुलींशी बोलायला घाबरत. १९व्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात जाऊन शंभर अनोळखी स्त्रियांशी बोलायचं ठरवलं आणि ते पार पाडलं. भेटीचं कबूल केलं एकीनं, आणि तीही आली नाही! पण नकारानं आभाळ कोसळत नाही, हे त्यांना कळलं. म्हणून या उपचारात गृहपाठ असतो. नुसतं पटून भागत नाही.

ही पद्धत मराठीत आणण्याचं मोठं श्रेय मुंबईच्या कि. मो. फडके यांना जातं. त्यांचा एलिस यांच्याशी अनेक वर्षं पत्रव्यवहार होता. त्यांनी लेखन केलं, प्रशिक्षण दिलं, आणि ‘विवेकनिष्ठ’ हा शब्द रुळला. डॉ. अंजली जोशी यांनी एलिस यांच्यावर मराठीत लिहिलं, ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरीही लिहिली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या संस्थेतून हा विचार शाळा-पालकांपर्यंत गेला.

आम्हाला वाटतं, ‘विवेक’ हा शब्द मराठी माणसाला परका नव्हता, म्हणून हे रुजलं. दासबोध वाचणाऱ्या घरांत तो आधीपासून होता. आणि एलिस ज्याला हट्टी मागणी म्हणतात, ती आपल्या भाषेत एका अक्षरात मावते. ‘मला मान मिळावा’ ही इच्छा. ‘मला मान मिळालाच पाहिजे’, इथं त्या ‘च’नं इच्छेची सक्ती झाली. चार दिवस घरी बसलेल्या त्या कामगाराला ‘मनावर घेऊ नको’ म्हणून काही होत नाही. त्याचा ‘च’ त्याच्यासोबत बसून शोधावा लागतो.

आता एक अडचण प्रामाणिकपणे मांडू. या शहरानं गिरण्या बंद पडताना पाहिल्यात. मजुरी कमी असेल, घरभाडं थकलं असेल, तर ‘विचार बदल’ म्हणणं ही थट्टा ठरेल. विवेकनिष्ठ उपचार तसं म्हणत नाही. नुकसान हे नुकसानच आहे. त्याचं दुःख होणार, रागही येणार. मजुरीसाठी भांडायचं तर भांडावंच. पण ‘माझी मजुरी कापली’ आणि ‘मी माणूस म्हणून संपलो’ ही दोन वाक्यं वेगळी आहेत. पहिलं घेऊन माणूस युनियनकडं जातो, दुसरं त्याला अंथरुणातून उठू देत नाही.

तेव्हा आजचा गृहपाठ : या आठवड्यात जीव घुसमटला, तर वहीत तीन ओळी लिहा. काय घडलं, मी स्वतःला काय म्हणालो, त्यानं काय झालं. मधल्या ओळीतला ‘च’ शोधा. आणि झोप उडालीय, जगणं नकोसं झालंय असं असेल, तर वहीवर थांबू नका. घरात कुणाला तरी सांगा, डॉक्टरांकडं जा, किंवा केंद्र सरकारच्या टेली मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.