हुकूम पाळला की नाही, हे कोण सांगणार?

मागच्या भागात बॉलस्क्रूबद्दल बोललो, त्यावर बडोद्याच्या एका श्रोत्याने विचारलं, 'सर, घरच्या सीएनसी राउटरला स्टेपर लावू की सर्व्हो? एका वाक्यात सांगा.' एका वाक्यात सांगता आलं असतं तर हा भाग केलाच नसता. या दोन मोटरींचं भांडण जुनं आहे. दोघींचं लहानपण जहाजं आणि तोफांच्या आसपास गेलंय, त्यामुळे माझ्यासारख्या ईएमईतून निवृत्त झालेल्या माणसाला त्यात बोलायचा थोडा हक्क आहे.

'सर्व्हो-मोटर' हा शब्द रूढ केला जोसेफ फार्को या फ्रेंच इंजिनिअरने. १८७३ मध्ये त्याने या विषयावर पुस्तकच लिहिलं. जहाजाचं सुकाणू वाफेच्या इंजिनाने फिरायचं, आणि माणसाने चक्र जितकं वळवलं तितकं सुकाणू वळलं की इंजिन आपोआप थांबायचं. म्हणजे काम कुठवर झालं, हे यंत्राला उलट कळत होतं. नोकरीत एल-७० या विमानवेधी तोफेवर मी हीच गोष्ट पाहिली. रडार दिशा देतं, नळी तिकडे वळते, ती कुठे पोचली हे परत कळवलं जातं, आणि फरक संपेपर्यंत ती वळत राहते.

स्टेपरचं कुळ वेगळं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ब्रिटिश युद्धनौकांवर, निरीक्षकाने घेतलेली दिशा तोफेपर्यंत पोचवायला अशा मोटरी वापरत. विजेचा एक ठोका, एक पाऊल. आज आपण वापरतो त्या मोटरीची २०० पावलं म्हणजे एक फेरा. ५ मिलिमीटर पिचच्या स्क्रूवर एक पाऊल ०.०२५ मिलिमीटरचं. पाऊल खरंच पडलं का, हे विचारायची सोय तिच्यात नाही.

मशीन टूलमध्ये आधी सर्व्हो आली. अमेरिकेत एमआयटीची सर्व्होमेकॅनिझम्स लॅबोरेटरी १९४० मध्ये सुरू झाली ती तोफांच्या नियंत्रणासाठी. हेलिकॉप्टरची पाती बनवणाऱ्या जॉन पार्सन्सला अमेरिकन हवाई दलाने १९४९ मध्ये काम दिलं, त्याने एमआयटीची मदत घेतली, आणि १९५२ मध्ये सिनसिनाटीचं एक मिलिंग मशीन भोकं पाडलेल्या टेपवर चालून दाखवलं गेलं. (कल्पना पार्सन्सची, पण तो मध्येच बाजूला पडला. ती हकिकत पुन्हा कधीतरी.)

मला सगळ्यात जास्त शिकवून गेला तो जपानी माणूस, सेइउएमोन इनाबा. फुजित्सू कंपनीत त्याच्या गटाने १९५९ मध्ये इलेक्ट्रो-हायड्रॉलिक पल्स मोटर काढली. लहानशी स्टेपर तेलाचा व्हॉल्व्ह फिरवते आणि तेलाचा दाब तिची ताकद वाढवतो. परत कळवण्याची भानगड नाही, म्हणून यंत्रणा साधी आणि स्वस्त. या मोटरीवर कंपनीचा धंदा उभा राहिला. १९७२ मध्ये फानुक ही वेगळी कंपनी झाली. १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं. तेलाचा पंप सतत चालू ठेवणारी, आवाज करणारी, वीज खाणारी मोटर गिऱ्हाइकाला जड वाटू लागली. १९७४ मध्ये इनाबाने स्वतःचीच मोटर बाजूला ठेवून अमेरिकेतल्या गेटिस कंपनीकडून डीसी सर्व्होचं लायसन्स घेतलं. स्वतःचं अपत्य असं बाजूला सारणारे अधिकारी मी फार पाहिले नाहीत.

मग स्टेपर संपली का? नाही. प्रिंटर, फ्लॉपी ड्राइव्ह आणि पुढे थ्रीडी प्रिंटरमधून ती घरोघरी पोचली, स्वस्त झाली. माझ्या राउटरवरही स्टेपरच होती. चार वर्षांपूर्वी युनिटच्या शहीद जवानांच्या नावांची सागवानी पाटी कोरायला घेतली. मधल्या कुठल्यातरी ओळीत कटर गाठीत अडकला, मोटर घसरली, आणि पुढची सगळी नावं २ मिलिमीटर डावीकडे सरकली. मशीन आपलं शांतपणे कोरत राहिलं. स्टेपर घसरते तेव्हा चार-चार पावलांच्या उड्यांनी घसरते. २ मिलिमीटर म्हणजे अशा वीस उड्या. कंट्रोलरच्या हिशेबी सगळं बरोबर होतं. एका नावाचं पहिलं अक्षर शेजारच्या हुद्द्यावर चढलं होतं. ती पाटी कुणाला दाखवायची माझी हिंमत झाली नाही.

लगेच सर्व्हो घ्यायला धावलो. तिथेही वेगळे धडे. एन्कोडरची तार ढिली झाली आणि अक्ष पूर्ण वेगाने टोकाला जाऊन आदळला. स्टेपर चुकते तेव्हा थांबते, सर्व्हो चुकते तेव्हा धावते. इमर्जन्सी स्टॉप हाताशी नसेल तर लावूच नका. शिवाय एन्कोडर मोटरच्या मागे बसतो, त्यामुळे कपलिंग घसरलं तर त्यालाही पत्ता लागत नाही. आणि बऱ्याच स्वस्त सर्व्होंमध्ये चूक फक्त ड्राइव्हला कळते. त्याची अलार्मची तार कंट्रोलरला जोडलीच नाही तर पाटी पुन्हा तशीच बिघडेल.

तर बडोद्याचे मित्र, लाकूड आणि ॲक्रिलिक कापणाऱ्या छोट्या राउटरला स्टेपर पुरेल. पण वेग वाढला की तिचा जोर उतरतो, म्हणून कागदावरच्या टॉर्कच्या निम्म्यावरच भरवसा ठेवा, आणि ड्राइव्हर झेपवत असेल तर २४ ऐवजी ४८ व्होल्टचा सप्लाय घ्या. पोलादावर मिलिंग करायचं असेल, टेबल जड असेल, तर सर्व्होचे पैसे घाला. मधला मार्ग म्हणून एन्कोडरवाली स्टेपरही मिळते; मी शेवटी तीच बसवली, अलार्मच्या तारेसकट. काहीही लावा, पण शेवटचा हात फिरवण्याआधी मशीन होम स्विचवर नेऊन आकडा पूर्वीइतकाच येतो का ते बघा. दुसऱ्या पाटीवर मी प्रत्येक ओळीनंतर ते केलं. वेळ दुप्पट लागला.